घरगुती ॲम्प्लिफायर: साहित्य, कृती आणि हमिंग

घरगुती ॲम्प्लिफायर म्हणजे बाजारात तयार मिळणाऱ्या यंत्राची अशी आवृत्ती, जिला पैसे जास्त लागतात, वेळ त्याहून जास्त लागतो आणि आवाजही जास्तच येतो. फक्त तो गाण्याचाच असेल असे नाही. 1980 च्या दशकात महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत या छंदाची लागण मुख्यतः आठवी ते बारावीच्या मुलांना होत असे. घरात नुकताच आलेला कॅसेटचा टेपरेकॉर्डर हे लागणीचे मूळ. त्याच्या वाटीएवढ्या स्पीकरचा आवाज घरातल्या सर्वांना पुरतो, काहींना जरा जास्तही होतो. एकालाच तो कमी पडतो. त्या एकाला पुढे साधक म्हटले आहे.

साधकाने थेट ॲम्प्लिफायरला हात घालू नये. आधी क्रिस्टल रेडिओ बांधावा. त्याला ओए79 हा जर्मेनियमचा डायोड, एक गँग कंडेन्सर, फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तार आणि एक इअरफोन एवढेच लागते. गच्चीवरच्या कपडे वाळवायच्या तारेला एरियल मानावे आणि मोरीतल्या नळाला अर्थ. बॅटरी लागत नाही; आकाशवाणीच्या लहरीतच इअरफोन कुजबुजेल एवढी ऊर्जा असते. हे यंत्र बहुधा पहिल्याच प्रयत्नात चालते आणि त्याचा खरा धोका हाच आहे. आपल्या हाताला यश आहे असा जो समज त्या रात्री पांघरुणाखाली तयार होतो, तो पुढे कितीही भाग जळाले तरी जात नाही.

आता सर्किट. हे मित्राच्या थोरल्या भावाकडे असते. मुळात ते ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’सारख्या मासिकातून आलेले असते, पण साधकाच्या हाती येते ती झेरॉक्सची झेरॉक्स. तिच्यात दशांशचिन्ह सर्वांत आधी नाहीसे होते. 4.7 के चा रेझिस्टन्स 47 के होतो आणि गणितात दहापट चूक करणाऱ्याला जे मिळते तेच ॲम्प्लिफायरकडून मिळते. म्हणूनच जाणते लोक हा आकडा 4के7 असा लिहितात: टिंब पुसले जाते, अक्षर सहसा पुसले जात नाही. साधकाला ही लिपी टिंबाची चूक लपवण्यासाठी काढलेली वाटते. ती टाळण्यासाठी काढली आहे, हे सहसा दुसऱ्या आयसीच्या वेळी कळते.

खरेदीसाठी मुंबईकराने ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला जावे. रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने ट्रान्झिस्टर मागायला कोणी जात नाही. पुणेकराने बुधवार पेठेत पासोड्या विठोबा गाठावा. या बाजारांत साधकाची पहिली परीक्षा होते आणि ती तोंडी असते. काउंटरपलीकडचा माणूस मान वर न करता विचारतो, “काय?” साधक घोकून आलेला असतो: “रेझिस्टन्स, चार के सात, चार नग.” त्यावर लगेच दुसरा प्रश्न येतो: “पाव की अर्धा?” इथे वॅट अभिप्रेत आहे. उत्तर ‘पाव’ असे द्यावे. छोट्या सर्किटांत बहुतेक ठिकाणी पाव वॅट पुरतो. “पाव किलो?” असे विचारणाऱ्याला माल मिळतो, पण त्या दुकानात त्याला पुन्हा तोंड दाखवता येत नाही. कंडेन्सर मागताना मायक्रोफॅरड हा शब्द वापरू नये. तो फक्त पुस्तकात असतो. बाजारात “शंभर एमएफडी, पंचवीस व्होल्ट” असे एका दमात म्हणतात.

आयसी मागितला की आणखी एक प्रश्न येतो: “ओरिजिनल देऊ की चालू?” यातल्या ‘चालू’चा अर्थ ‘चालणारा’ असा घेऊ नये.

आयसी कोणता? त्या काळात या प्रश्नाला एकच उत्तर होते: टीबीए810. काळा, बारा पायांचा, आणि मध्ये दोन्ही बाजूंना पत्र्याचे पंख असलेला हा किडा 16 व्होल्टवर 4 ओहमच्या स्पीकरला सुमारे 7 वॅट देतो. पंख हे उष्णता बाहेर टाकण्यासाठी असतात. त्यांना ॲल्युमिनियमचा पत्रा जोडावा असे प्रत्येक सर्किटाखाली लिहिलेले असते आणि पहिल्या खेपेला तो कोणीही जोडत नाही. आयसी तापला आहे की नाही हे पाहण्यासाठी त्याला बोट लावण्याची पद्धत आहे. बोट लगेच मागे आले तर तापला आहे.

रेझिस्टन्सवर किंमत लिहिलेली नसते, रंगांचे पट्टे असतात: काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ, पांढरा नऊ. पहिले दोन पट्टे आकडे सांगतात, तिसरा त्यांच्यापुढे किती शून्ये द्यायची ते. पिवळा, जांभळा, लाल म्हणजे 4700. पिवळा, जांभळा, नारिंगी म्हणजे 47,000. ही पद्धत दिवसाउजेडी निर्दोष आहे. साधकाचे काम मात्र घरचे झोपल्यावर, चाळीसच्या पिवळ्या बल्बखाली चालते आणि त्या उजेडात लाल आणि नारिंगी हे सख्खे भाऊ दिसतात. झेरॉक्सने जी दहापट चूक केली नसेल ती बल्ब करतो. क्वचित दोघे मिळून परस्परांची चूक दुरुस्तही करतात. अशा वेळी ॲम्प्लिफायर चालतो आणि का चालला ते कधीच कळत नाही.

सर्किट बसवण्यासाठी कॉपर क्लॅडचा, म्हणजे तांब्याचा थर चढवलेल्या बोर्डाचा, तुकडा घ्यावा. जिथे तांबे राहायला हवे तिथे रंग द्यायचा, बाकीचे फेरिक क्लोराइडच्या पाण्यात विरघळू द्यायचे, अशी ही कृती. रंग म्हणून बहिणीचे नेलपॉलिश उत्तम. ते पातळ रेघेला बरे, लवकर वाळते आणि विकत आणावे लागत नाही. फेरिक क्लोराइड प्लास्टिकच्या भांड्यातच कालवावे. स्टीलच्या ताटात कालवल्यास ते बोर्डावरच्या तांब्याइतक्याच आस्थेने ताटाकडेही लक्ष देते. सांडल्यास जो पिवळट तपकिरी डाग पडतो तो शहाबादी फरशीवरून, सुती बनियनवरून आणि आईच्या मनातून जात नाही.

डाख देणे ही या छंदातली खरी कारागिरी. 25 वॅटची सोल्डरिंग आयर्न आणि साठ-चाळीसची तार, म्हणजे साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसे, एवढे भांडवल पुरते. ही तार 190 अंशांच्या आसपास पातळ होते. तिच्या पोटात राळ असते, तिचा धूर होतो आणि त्या धुराचा वास साधकाला पुढे आयुष्यभर कुठेही आला तरी तो क्षणभर थांबतो. नियम असा की आधी जोड तापवावा आणि तार जोडाला लावावी. साधक नेमके उलटे करतो: तार आयर्नच्या टोकाला लावतो, वितळलेला थेंब उचलतो आणि बर्फीवर पिस्ता ठेवावा तसा जोडावर ठेवतो. असा थेंब गोल, करडा आणि दिसायला भरघोस असतो, पण आत तार सुटीच असते. यालाच ड्राय सोल्डर म्हणतात. ड्राय सोल्डरचे वैशिष्ट्य असे की तो तपासताना जुळतो आणि पाहुणे आल्यावर सुटतो. चांगला जोड चकचकीत असतो, तारेला धरून उतरता होत गेलेला, कडेला अंगठ्याने दाबल्यासारखा. पहिल्या बोर्डावर असा एखादाच आढळतो आणि तो बहुधा चुकीच्या जागी असतो.

पॉवर सप्लाय हा भाग सोपा समजला जातो. म्हणून तिथेच स्फोट होतो. बारा-झिरो-बाराचा ट्रान्सफॉर्मर, 1एन4007 चे दोन डायोड आणि एक मोठा कंडेन्सर. साधकाचे गणित असे की ट्रान्सफॉर्मर 12 व्होल्टचा आहे, तेव्हा 16 व्होल्टचा कंडेन्सर भरपूर झाला आणि तो 25 व्होल्टवाल्यापेक्षा स्वस्तही आहे. पण एसीचे 12 व्होल्ट हा एक प्रकारचा सरासरी आकडा असतो. लहरीचे टोक त्याच्या 1.414 पट, म्हणजे 17 व्होल्टपर्यंत जाते आणि कंडेन्सर टोकापर्यंत भरतो. शिवाय बिनभाराचा ट्रान्सफॉर्मर छापील आकड्यापेक्षा चार आणे जास्तच देतो आणि रात्री अकरानंतर गावाची वीज 230 च्या वर चढते. कंडेन्सर उलटा जोडला असेल तर एवढ्या गणिताचीही गरज नाही.

स्फोटाचे टप्पे ठरलेले आहेत. आधी काहीच होत नाही. मग अगदी बारीक चर्र असा आवाज येतो आणि साधक तो आवाज स्पीकरमधून येतोय असे समजून कान पुढे नेतो. मग फाट्. ॲल्युमिनियमची टोपी छताला लागून परत येते आणि खोलीत कागदाच्या पातळ पट्ट्या आणि कापसासारखा फुफाटा तरंगत राहतो. वास माशाचा म्हणावा तर माशाचा नाही, जळक्या रबराचा म्हणावा तर तोही नाही. पलीकडच्या खोलीतून “काय रे पडलं?” अशी पृच्छा होते. “काही नाही, पुस्तक” हे उत्तर प्रमाण मानले गेले आहे.

हे टाळण्याचा उपाय जुना आणि पक्का आहे: सिरीज दिवा. 60 किंवा 100 वॅटचा साधा बल्ब यंत्राच्या आणि भिंतीतल्या सॉकेटच्या मध्ये, एकाच तारेत, सिरीजमध्ये जोडायचा. यंत्रात शॉर्ट असेल तर सगळ्या करंटला बल्बमधूनच जावे लागते. बल्ब लख्ख पेटतो आणि फ्यूज वाचतो. सर्व ठीक असेल तर बल्ब क्षणभर लाल होऊन विझतो. ज्या घरात सिरीज बोर्ड आहे त्या घरात पूर्वी किमान एक स्फोट झालेला आहे, असे खुशाल समजावे; त्याआधी तो कोणी बनवत नाही.

यानंतर ॲम्प्लिफायर चालू होतो. म्हणजे हमिंग सुरू होते.

हमिंग दोन प्रकारचे असते आणि ते ओळखता आले की साधक वरच्या इयत्तेत गेला असे मानतात. वीज 50 हर्ट्झची. इनपुटची तार उघडी असेल, किंवा ती ट्रान्सफॉर्मरजवळून नेली असेल, तर ती हेच 50 हर्ट्झ उचलते. डायोडांमधून गेल्यावर मात्र लहरीचे दोन्ही अर्धे एका बाजूला येतात आणि वारंवारता दुप्पट होते. तेव्हा 100 हर्ट्झचे हमिंग आले तर दोष कंडेन्सरचा: तो लहान आहे किंवा कोरडा पडला आहे. 50 चे आले तर दोष तारेचा: तिथे जाळीची शील्डेड वायर घालावी आणि जाळी एकाच टोकाला अर्थ करावी. दोहोंत बरोबर एका सप्तकाचे अंतर असल्याने गाण्याची थोडी तालीम झालेल्या साधकाला मीटर लागत नाही. 100 हर्ट्झचा सूर हार्मोनियमवरच्या पांढरी पाचच्या खालच्या सप्तकातल्या स्वरापेक्षा किंचित चढा पडतो. म्हणजे पांढरी एकमध्ये गाणाऱ्यास असा ॲम्प्लिफायर तंबोऱ्याच्या पंचमाच्या जागी जवळजवळ चालून जाईल. तार थोडी उतरवण्याची सोय मात्र त्यात नाही. त्यासाठी वीज कंपनीशी बोलावे लागेल.

व्हॉल्यूम कंट्रोलच्या धातूच्या दांड्याला हात लावला की हमिंग थांबते आणि हात काढला की परत येते, असे आढळल्यास त्या कंट्रोलचे पत्र्याचे अंग अर्थला जोडायचे राहिले आहे. ही दुरुस्ती दोन मिनिटांची आहे. तरी अनेक साधक वर्षानुवर्षे एक बोट दांड्यावर ठेवून गाणी ऐकताना आढळतात.

हमिंग घालवले की त्याखाली दडलेले बातमीपत्र ऐकू येऊ लागते. पुण्यात आकाशवाणीचे मिडियम वेव्ह केंद्र 792 किलोहर्ट्झवर आहे. इनपुटची लांब तार एरियलचे काम करते, आयसीच्या आतला पहिला ट्रान्झिस्टर नको असताना डायोडचे काम करतो आणि जो क्रिस्टल रेडिओ साधकाने वर्षभरापूर्वी हौसेने बांधला होता तोच आता फुकट आणि न मागता तयार होतो. कॅसेटमधल्या द्वंद्वगीतात तिसरा आवाज पिकांवरील किडीबद्दल बोलू लागतो. इनपुटवर शंभर पीएफचा छोटासा कंडेन्सर अर्थला जोडल्यास हा आवाज जातो. आजोबा मात्र तो काढू देत नाहीत, कारण त्यांना सातच्या बातम्या इतक्या स्वच्छ पूर्वी कधी ऐकू आल्या नव्हत्या.

आता स्पीकर. नुसता उघडा स्पीकर टेबलावर ठेवल्यास त्यातून पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा आवाज येतो. याचे कारण साधे आहे. कागदाचा कोन पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच वेळी मागची सैल पडते. खर्जाच्या लांब लहरी कडेवरून वळून एकमेकींना भेटतात आणि हिशेब शून्य होतो. मागचा आवाज कोंडून ठेवला पाहिजे. प्लायवूडचे खोके सुताराकडून करून घेणे परवडत नाही म्हणून भारतीय साधकाने स्वतःची तोड काढली: माठ. माठाच्या तोंडावर स्पीकर उपडा बसवावा, फट एम-सीलने बुजवावी आणि तारेसाठी बुडाशी भोक पाडावे.

माठाची खरेदी कुंभाराच्या आठवणीत राहते. गिऱ्हाईक माठ बोटाने वाजवून पाहते, ही रीत त्याला माहीत आहे. पण हे गिऱ्हाईक पिशवीतून सहा इंचांचा स्पीकर काढते, प्रत्येक माठाच्या तोंडावर ठेवून पाहते, पाणी झिरपते का हे विचारत नाही, तोंड अर्धा इंच मोठे मिळेल का हे विचारते आणि दोन सारखे हवेत म्हणते. दोन सारखे माठ कुंभाराकडे नसतात. स्टिरिओची डावी आणि उजवी बाजू त्यामुळे जन्मापासूनच वेगळी गाते. बुडाचे भोक पाडताना तीनातला एक माठ फुटतो, तेव्हा तीनच घ्यावेत. भाजलेल्या मातीची भिंत टणक असते, थरथरत नाही, हा माठाचा गुण. आतली हवा मात्र तिच्या ठरलेल्या एका सुरावर घुमते आणि तो सूर गाण्यात आला की शेजारी दार उघडून बघतात. एप्रिलमध्ये घरातला पाण्याचा माठ फुटला तर ही सगळी व्यवस्था रात्रीतून मोडीत निघू शकते.

सात वॅटवर कोणी थांबत नाही. पुढची पायरी 2एन3055, पोलादी टोपीचा जाडजूड ट्रान्झिस्टर. याचे सर्व अंग हाच त्याचा कलेक्टर असतो. म्हणून तो ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर बसवताना मध्ये अभ्रकाची पातळ चकती आणि स्क्रूंना प्लास्टिकच्या टोप्या घालाव्या लागतात. चकती दुकानातून येताना कागदाच्या पुडीत असते आणि पुडी टाकून देण्याची पद्धत आहे. वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होईल ही समजूतही इथेच दुरुस्त करून घ्यावी: दुप्पट वॅट म्हणजे केवळ 3 डेसिबल, जेमतेम लक्षात येईल इतका फरक. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. सातचे चौदा करण्यासाठी साधकाने दिवाळीचे पैसे घातलेले असतात, तेव्हा फरक ऐकू येतो असे तो म्हणेल. त्याला विरोध करू नये.

डब्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, कारण तो होत नाही. पहिले सहा महिने बोर्ड उघडाच टेबलावर असतो, मग बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जातो आणि झाकण कधीच लागत नाही. स्क्रू लावले की आतले काहीतरी सुटते. पुढच्या पॅनेलवर ‘बास’ आणि ‘ट्रेबल’ अशी अक्षरे लेट्रासेटने, म्हणजे घासून उमटवायच्या अक्षरांच्या कागदाने, उमटवतात. त्यांच्यामागे कधी कधी कंट्रोल असतात.

ऐकण्याची कृती अशी. दुपारी घरी कोणी नसताना आर. डी. बर्मनची एक ठरलेली कॅसेट लावावी, कारण तिच्या सुरुवातीला बास गिटार आहे. पहिली वीस सेकंदे ऐकावीत. कॅसेट थांबवावी, मागे न्यावी, ट्रेबल थोडा कमी करावा, परत तीच वीस सेकंदे ऐकावीत. टेपचे हेड वाकडे असेल तर वरचे सूर मंद येतात. हेडशेजारचा बारीक स्क्रू पाव फेरा फिरवून पाहावा. तो पाव फेऱ्यावर कधीच थांबत नाही आणि नंतर फक्त ती एकच कॅसेट नीट वाजते. या पद्धतीने साधक एका वर्षात त्या गाण्याची वीस सेकंदे हजारो वेळा ऐकतो. त्याचा अंतरा कोणता, ते चित्रपटात कोणावर चित्रित झाले आहे, यांची माहिती त्याला सहसा नसते.

यंत्राची कीर्ती वाड्यात पसरली की साधकाकडे मिक्सर, इस्त्री आणि शेजारच्या काकूंचा टेबलफॅन येऊ लागतो. “तुझं ते इलेक्ट्रिकचं चालतं ना, मग हे बघ की जरा.” इलेक्ट्रिक आणि इलेक्ट्रॉनिक्स यांतला फरक समजावून सांगण्याचा प्रयत्न करू नये, पंखा दुरुस्त करावा, वेळ कमी लागतो. सत्यनारायणाच्या पूजेसाठी ॲम्प्लिफायर मागितला गेल्यास माइक स्पीकरसमोर ठेवू नये. ठेवल्यास माइकचा आवाज स्पीकरमध्ये आणि स्पीकरचा माइकमध्ये असे फेरे सुरू होऊन जी शिट्टी लागते, तीत तिसरा अध्याय बुडतो. माइक स्पीकरच्या मागे न्यावा आणि आवाज कमी करावा. गुरुजी स्वतःहून माइक बाजूला सारतात असाही अनुभव आहे.

घरगुती ॲम्प्लिफायरचे सरासरी आयुष्य पुढचा ॲम्प्लिफायर सुरू होईपर्यंत असते. नव्या सर्किटाचा कागद आला की जुना डबा उलटा करून ट्रान्सफॉर्मर आधी काढावा, तो सर्वांत महाग. मग स्पीकरच्या तारा, नॉब, पायलट लॅम्प. आयसी तापवून काढताना त्याचे दोन पाय तुटतात, तेव्हा तो तसाच ठेवावा. उरलेला बोर्ड माळ्यावर, फेरिक क्लोराइडच्या डागाचे वर्तुळ असलेल्या प्लास्टिकच्या टबात टाकावा. चांगला जोड तेवढा त्यावर अजून चमकत असतो.